हॅरिसन मार्टलंड

हॅरिसन स्टॅनफर्ड मार्टलंड (जन्म : १० सप्टेंबर १८८३, मृत्यू : १ मे १९५४) हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ व न्यायवैद्यक होते. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूची हानी होते, हे वैद्यकीय साहित्यात प्रथम मांडण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

जीवन

मार्टलंड यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे झाला. वैद्यकीय शिक्षण कोलंबिया विद्यापीठात घेतल्यानंतर ते न्यूअर्क सिटी हॉस्पिटलमध्ये विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. १९२७ साली ते एसेक्स परगण्याचे मुख्य वैद्यकीय तपासनीस झाले. संशयास्पद मृत्यूंची शवविच्छेदने करणे हे त्यांचे नित्याचे काम होते.

रेडियमविषयक संशोधन

ऑरेंज येथील कारखान्यात तरुणी घड्याळांच्या तबकड्या रेडियमयुक्त रंगाने रंगवीत व कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. त्यांच्या आजारांचे कारण रेडियम हेच आहे, हे मार्टलंड यांनी १९२५ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले. कारखान्याचे चालक हा संबंध नाकारीत असल्यामुळे या निष्कर्षाला विशेष महत्त्व आले.

मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचा अभ्यास

लडखडत चालणारे, अडखळत बोलणारे निवृत्त मुष्टियोद्धे त्या काळी प्रेक्षकांच्या चेष्टेचा विषय होते. त्यांना 'पंच ड्रंक' म्हणत. हा मद्याचा नव्हे, तर मेंदूच्या दुखापतीचा परिणाम आहे, असे मार्टलंड यांनी १९२८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील लेखात प्रतिपादन केले. डोक्याला मार लागून दगावलेल्या व्यक्तींच्या मेंदूत खोलवर आढळणाऱ्या सूक्ष्म रक्तस्रावांवरून त्यांनी हे अनुमान काढले. हालचालींतील मंदपणा, हातांचा कंप आणि बुद्धीचा ऱ्हास ही लक्षणे त्यांनी नोंदविली. दीर्घकाळ खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंना हा विकार जडतो, असा त्यांचा अंदाज होता.

महत्त्व

१९७३ मध्ये ब्रिटनमधील कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास करून या हानीचे सविस्तर वर्णन केले. रक्तस्रावाऐवजी टाऊ प्रथिनाचा मेंदूतील संचय हे या विकाराचे मुख्य लक्षण आज मानले जाते. बेशुद्धी न आणणारे सौम्य आघातही वर्षानुवर्षे साठत गेल्यास घातक ठरू शकतात, हे आता अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळांतही दिसून आले आहे. मात्र निश्चित निदान अद्याप मृत्यूनंतरच्या तपासणीतूनच होते. न्यूअर्क सिटी हॉस्पिटलला पुढे मार्टलंड यांचे नाव देण्यात आले.