डॉ. आ. ने. उपाध्ये : सोलापूरच्या ग्रंथमालेतील सहसंपादन

प्राकृत विद्येचे थोर अभ्यासक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (१९०६-१९७५) यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे झाला. १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते अर्धमागधीचे अध्यापक होते. ‘प्रवचनसार’च्या १९३५ च्या आवृत्तीने त्यांचे नाव विद्वन्मंडळात रूढ झाले. त्यांच्या एकट्याच्या संपादनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सोलापूरशी निगडित सहकार्याकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले.

सोलापूरचे व्यापारी ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृती संरक्षक संघासाठी प्रथम तीस हजार रुपये व १९४४ मध्ये आपली सर्व मालमत्ता दिली. संघाच्या ग्रंथमालेचे प्रधान संपादकत्व उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांच्याकडे संयुक्तपणे आले. हीरालालजी हिंदीभाषक, अमरावतीस प्राध्यापक. तेथून १९३९ पासून निघू लागलेल्या ‘षट्खंडागमा’च्या धवला टीकेच्या खंडांवर उपाध्ये यांचे नाव संशोधन-साहाय्यक म्हणून छापलेले आहे. एका कार्यात साहाय्यक असलेला विद्वान दुसऱ्या कार्यात बरोबरीचा संपादक होतो आणि त्यात कोणासही कमीपणा वाटत नाही, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय व्यवहारात दुर्मीळच म्हणावी लागेल.

मालेतील पहिला ग्रंथ यतिवृषभाची ‘तिलोयपण्णत्ती’ (१९४३, १९५१). विश्वरचनेचे वर्णन आणि गणित यांनी भरलेला हा प्राकृत ग्रंथ एकट्याने पेलण्याजोगा नव्हता. हिंदी भावार्थ पंडित बालचंद्र शास्त्री यांनी सिद्ध केला. दोन मार्गदर्शकांच्या हाताखालील अभ्यासकाची स्थिती अवघड असते. त्याचे श्रम कोणाच्या खाती पडतील, हे सांगता येत नाही. येथे शास्त्रींचे नाव मुखपृष्ठावरच आले. प्रस्तावना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत जोडल्या गेल्या, त्यामुळे विद्यापीठातील वाचक व परंपरेतील पंडित यांपैकी कोणीही वगळला गेला नाही. पाठभेद तळटीपांत राहिल्याने संपादकांचा निर्णय तपासण्याची वाट वाचकास मोकळी राहिली.

१९५८ मध्ये ‘जंबूदीवपण्णत्तिसंगहो’ दोघांच्याच नावे निघाला. १९७३ मध्ये हीरालालजी निवर्तले. त्यानंतर पंडित कैलाशचंद्र शास्त्री यांना सोबत घेऊन उपाध्ये यांनी मालेचे काम चालू ठेवले. त्या काळात ते म्हैसूर विद्यापीठात प्राध्यापक होते. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.