लॅपटॉप स्टिरिओला जोडताना दोन वायरी कशाला? ॲलन ब्लमलाइनची गोष्ट

लॅपटॉप घरातल्या चांगल्या स्टिरिओला जोडायचा म्हटलं की दुकानदार एक केबल हातात ठेवतो. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला दोन पिना. लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. गाणं एकच, मग वायरी दोन कशाला? मी बोईसरचा. इथे एमआयडीसीत किंवा तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेल्या काही काकांकडे अजून दणकट ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे स्पीकर आहेत. त्यांना लॅपटॉप जोडून द्यायला मी जातो, आणि घरातली कॉलेजची पोरं हाच प्रश्न विचारतात. ‘स्टिरिओ असतो म्हणून’ हे काही उत्तर नाही. खरं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे.

ॲलन डाउअर ब्लमलाइन. जन्म लंडनचा, २९ जून १९०३. वडील मूळचे जर्मन, आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांचा असताना त्याने घरातली बंद पडलेली दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं, खाली स्वतःच्या नावापुढे ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’ असं लिहून. गंमत म्हणजे या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत धड वाचता येत नव्हतं, असं सांगतात. पुढे १९२३ मध्ये तो इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झाला.

पहिली नोकरी टेलिफोनच्या क्षेत्रात. तेव्हा लांब पल्ल्याच्या केबलमध्ये शेजारच्या जोडीवरचं बोलणं तुमच्या लाइनीत घुसायचं. ते कमी करण्यावर त्याने काम केलं. हे लक्षात ठेवा, कारण दोन आवाज जवळजवळ ठेवूनही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हेच काम त्याला पुढे वेगळ्या रूपात करायचं होतं.

१९२९ मध्ये तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत गेला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन ईएमआय झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्हीवाली, आपल्या आजोबांच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, तीच. त्याच वर्षी तो डोरीनबरोबर सिनेमाला गेला. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. बोलपट नवे होते. पडद्यावर नट एका टोकाला, आणि आवाज मात्र दुसरीकडच्या एकुलत्या स्पीकरमधून. बाकी प्रेक्षकांना चालत होतं, याला खटकलं. आवाज नटाच्या मागे मागे जाईल असं काहीतरी करता येईल, हे त्याने तिला तिथेच सांगितलं.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. पेटंट क्रमांक ३९४३२५, त्यात ७० दावे. मुळातली कल्पना बघा. डावीकडून येणारा आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने नंतर. मेंदू एवढ्या फरकावरून दिशा ओळखतो. ब्लमलाइनने दाखवलं की दोन माइक आणि दोन स्पीकर नीट वापरले, दोन्हीकडच्या आवाजाची ताकद कमी-जास्त ठेवली, तर समोर काहीही नसताना ‘गायक इथे, तबला तिथे’ असं ऐकू येतं. शिवाय तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरायची पद्धतही त्याच पेटंटमध्ये होती. माझ्या मते सगळ्यात हुशारीचा भाग हाच. तबकडी तेवढीच, सुई एकच, आवाज दोन.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम त्याने या पद्धतीने रेकॉर्ड केली. १९३५ मध्ये हेज इथल्या कंपनीच्या इमारतीतून समोरच्या रुळांवरच्या गाड्यांची छोटी फिल्मही काढली. गाडी पडद्यावर सरकते तसा आवाज सरकतो. पण कंपनीला त्यात धंदा दिसेना. ब्लमलाइनला टेलिव्हिजनच्या कामाला लावलं. १९३६ मध्ये बीबीसीचं प्रक्षेपण सुरू झालं, त्यामागच्या ४०५ रेषांच्या यंत्रणेत त्याचा मोठा हात होता.

मग युद्ध आलं. रात्री, ढगांच्या वरूनही खालची जमीन दाखवणारं एच टू एस नावाचं रडार तयार होत होतं. त्याच्या चाचणीसाठी ७ जून १९४२ रोजी तो हॅलिफॅक्स विमानात बसला. एका इंजिनातला छोटा नट नीट आवळलेला नव्हता. आग लागली, विमान वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं आणि आतले सर्व ११ जण गेले. ब्लमलाइन ३८ वर्षांचा होता. घरी दोन लहान मुलगे. नावावर १२८ पेटंट. रडार गुप्त, म्हणून अपघातही गुप्त, म्हणून माणूसही जवळजवळ गुप्तच राहिला. स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या १९५७-५८ च्या सुमारास, तोवर त्याच्या पेटंटची मुदतही संपली होती. २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं, ७५ वर्षांनी.

तर त्या दोन वायरींवरून हा फरक जातो. लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. डावे आकडे वेगळे, उजवे वेगळे. त्यांची वीज करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. लॅपटॉपमध्ये तो असतोच, पण महागड्या स्टिरिओला यूएसबीवर चालणारा वेगळा डॅक लावलेला बरा, कारण लॅपटॉपच्या आतल्या खरखरीपासून आवाज लांब राहतो. पिना ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’मध्ये घाला. ‘फोनो’मध्ये घालू नका, ती जागा तबकडीच्या सुईच्या अगदी नाजूक सिग्नलसाठी असते, लॅपटॉपचा आवाज तिथे फाटतो. घुंऽऽ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे, स्पीकरचा नाही.

फोन किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू आहे का तेही बघा. ते चालू असेल तर दोन्ही वायरींतून एकच आवाज जातो आणि सगळी मेहनत वाया. जुनं मोनो भावगीत मात्र स्पीकरच्या बरोबर मधूनच ऐकू येणार. ते तसंच रेकॉर्ड झालंय, घाबरू नका.

जोडणी बरोबर आहे का ते तपासायला हेजच्या गाड्यांची ती फिल्म इंटरनेटवर शोधून लावा. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. चित्रात गाडी एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला जात असेल, तर लाल आणि पांढऱ्या पिनेची अदलाबदल करा.