कोंबडीच्या गाठीपासून जनुकाच्या औषधापर्यंत

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९०९ साली एक कोंबडी तपासणीसाठी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. ती तपासणारे डॉ. पेटन राउस तेव्हा तिशीचे होते. बाल्टिमोरला वैद्यकीचे शिक्षण घेताना शवविच्छेदनात त्यांच्या बोटाला जखम झाली आणि क्षयाची लागण झाली. टेक्सासमध्ये गुरांच्या मळ्यावर राहून ते बरे झाले, परतले आणि डॉक्टर झाले.

राउस यांनी ती गाठ कुटून तिचा अर्क काढला. जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून तो गाळून निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही कर्करोग झाला. म्हणजे कारण विषाणू होते. १९११ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पण फारसे कुणाला पटले नाही. उंदरांत तसा विषाणू सापडेना, तेव्हा राउस यांनी तो विषय सोडला आणि रक्त टिकवण्याची पद्धत शोधली. तिच्यामुळे पहिल्या महायुद्धात आघाडीजवळ रक्ताचा साठा ठेवता आला. १९३४च्या सुमारास ते पुन्हा कर्करोगाकडे वळले. नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. तरीही पेशीच्या जनुकांतील बिघाडामुळे कर्करोग होतो, हे त्यांनी मानले नाही. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांच्याच विषाणूने वेगळे उत्तर दिले. त्यातले कर्करोग घडवणारे जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतले असल्याचे १९७६ मध्ये दिसले. १९७८ मध्ये पॉल झमेक्निक व मेरी स्टीफन्सन यांनी या विषाणूच्या आरएनएला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा कोंबडीच्या पेशींत वापरून विषाणूची वाढ रोखली. जनुकाचा निरोप मध्येच अडवून ते गप्प करण्याच्या उपचारांची ही सुरुवात होती.

२०१० मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना अशा कामाचे आरएनए सूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिल्याचा अहवाल आला. गाठीच्या नमुन्यात जनुक शांत झाल्याचे दिसले. पण जनुक शांत होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. शिरेतून दिलेले असे औषध बरेचसे यकृतात व मूत्रपिंडात जाते. गाठीपर्यंत पुरेसे पोहोचवणे अवघड असते. पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा तपासते. म्हणून अशा चाचणीत सहभागी होण्याआधी रुग्णाने व घरच्यांनी ती कोणत्या टप्प्याची आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.