धन्वंतरी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरांची माहिती व देणगीदारांची नामावली ह्यांबरोबर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्रही असावे, हा उचित असा प्रघात आहे. असा पुरुष कोणत्या कुळात जन्मला हा प्रश्न आम्ही गौण मानतो. त्याच्या कार्याने आपल्या घरांतील कोणते दुःख हलके झाले, हे पाहणे अधिक श्रेयस्कर होय. ह्या दृष्टीने पाहता प्रसूतिशास्त्रात जगन्मान्य झालेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांचे चरित्र सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या प्रत्येक घरात वाचले जावे, असे आम्हांस वाटते.

ज्या दुःखावर त्यांनी उपाय शोधला ते आपणांस अपरिचित नाही. सून घरात येते, दिवस जातात, सर्वांस आनंद होतो; चौथा महिना सरतो, पाचवा लागतो, आणि फारशा वेदना न होता, काही अपघात झालेला नसता, गर्भ पडतो. पुढच्या खेपेस तेच, त्याच्या पुढच्या खेपेसही तेच. मग नवससायास होतात, अंगारे-धुपारे होतात, कुलदैवताचा कोप झाला म्हणून कौल लावले जातात. ह्या सर्वांचा शेवट बहुधा एकाच निष्कर्षात होतो : सुनेचाच पायगुण वाईट! हिची कूसच नाठाळ, असे तिच्या तोंडावर बोलण्यासही लोक कचरत नसत. कित्येक घरांत दुसऱ्या लग्नाची बोलणी झाली व पहिली स्त्री आयुष्यभर माजघरात मान खाली घालून राहिली. शिक्षकी पेशात गावोगाव हिंडताना अशी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांत सुशिक्षितांची घरे कमी होती असे म्हणण्याची आमची छाती नाही.

डॉ. शिरोडकर ह्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडे ह्या गावी झाला. शिरोडे म्हणताच सांगलीकर वाचकांस वि. स. खांडेकर आठवतील, परंतु सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांनी १९२० ते १९३८ पर्यंत जेथे शाळा चालविली ते शिरोडे वेंगुर्ल्यानजीकचे होय. डॉक्टरांचे शिरोडे फोंडा तालुक्यातील. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. शिरोडकरांचे शिक्षण घाट चढून आलेल्या हुबळीस झाले व पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांनी प्रसूतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली. तेवढ्यावर संतुष्ट न राहता ते विलायतेस गेले आणि १९३१ साली शस्त्रक्रियेतील एफ. आर. सी. एस. ही बहुमानाची पदवी घेऊन स्वदेशी परतले. पुढे जे. जे. रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक व ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

जे. जे. रुग्णालय हे गोरगरिबांचे रुग्णालय. तेथे येणाऱ्या स्त्रियांत शिरोडकरांना एक विशिष्ट वर्ग आढळला. ह्या स्त्रियांचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत पडत नसे. तो पडे चौथ्या व सातव्या महिन्यांच्या दरम्यान. पूर्ण विश्रांती दिली, अंतःस्रावांची औषधे दिली, तरी फळ तेच. डॉक्टरांनी दैवाकडे बोट न दाखविता गर्भाशयाच्या मुखाकडे लक्ष दिले. हे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले राहावे व प्रसूतीच्या वेळीच उघडावे, अशी निसर्गाची योजना आहे. काही स्त्रियांच्या ठिकाणी मात्र ते जन्मतः किंवा पूर्वीच्या इजेमुळे दुबळे असते. गर्भाचा भार वाढू लागला की ते हळूहळू, न दुखता उघडते आणि पूर्णपणे निरोगी असलेले मूल अकाली बाहेर पडते. म्हणजे मुलात दोष नाही, मातेच्या वर्तनात दोष नाही. पायगुणाचा तर प्रश्नच नाही.

रोगाचे कारण असे हाती आल्यावर उपायही तितकाच सरळ ठरला. दाण्यांच्या पिशवीचे तोंड सैल असेल तर ते आपण दोरीने बांधतो. शिरोडकरांनी तेच केले. मात्र ते करण्यास विलक्षण हस्तकौशल्य लागत असे. स्त्रीच्याच मांडीतील चिवट स्नायुवेष्टनाची एक पट्टी काढून, मूत्राशय अलगद वर सारून, गर्भाशयमुखाच्या आतल्या टोकापाशी ती पट्टी सभोवार फिरवून ते बांधीत असत. ही पद्धती त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनल्ड ह्यांनी बटव्याच्या नाडीसारखा अधिक सोपा टाका सुचविला. आज दोन्ही प्रकार जगभर वापरात आहेत, आणि जगातील प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत ‘शिरोडकर टाका’ हे नाव जसेच्या तसे रूढ आहे. आपल्या खेड्याचे नाव आडनावात घेऊन गेलेल्या एका माणसाने ते सर्व खंडांत पोचविले, ही गोष्ट अभिमानास्पद नव्हे काय?

येथे वाचक विचारतील की, सहाव्या-सातव्या महिन्यात मूल जन्मले तर ते जगविण्यास काय अडचण? मुख्य अडचण श्वासाची. उदरात असताना मुलास श्वास घ्यावा लागत नाही. प्राणवायू नाळेतून मिळतो. जन्मताच मात्र फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश फुगले पाहिजेत. ते मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतील बाजूस एका स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असावा लागतो. तो थर गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत हळूहळू तयार होतो व साधारणतः पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. त्याआधी आलेल्या मुलाचे वायुकोश ओल्या धोतराच्या घड्यांप्रमाणे एकमेकांस चिकटतात आणि अर्भक श्वासासाठी धडपडते. हे कारण अमेरिकेतील मेरी एलन ॲव्हरी व जेरे मीड ह्यांनी १९५९ साली दाखवून दिले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा पुत्र पाच-साडेपाच आठवडे आधी जन्मला व ह्याच विकाराने दोन दिवसांत वारला. सत्ता व संपत्ती हाताशी असूनही त्या काळी इलाज नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी ह्यांनी मातेस प्रसूतीपूर्वी विशिष्ट इंजेक्शने देऊन मुलाची फुप्फुसे लवकर परिपक्व करता येतात, हे सिद्ध केले. त्याआधी मुलाच्या फुप्फुसांना हवा असलेला वेळ मिळवून देण्याचे जे थोडे मार्ग होते, त्यांत शिरोडकरांच्या टाक्याची गणना केली पाहिजे. वरवर पाहता ती गर्भाशयावरील शस्त्रक्रिया. पण तिचे फळ मुलाच्या पहिल्या श्वासात दिसे.

चरित्र लिहिताना अतिशयोक्तीचा मोह आवरला पाहिजे. प्रत्येक गर्भपातावर हा टाका गुणकारी आहे, असे कोणी समजू नये. पहिल्या तीन महिन्यांतील बहुतेक गर्भपातांची कारणे निराळी असतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १२९२ स्त्रियांची पाहणी झाली. टाका घालावा की नाही ह्याविषयी डॉक्टरांचीच खात्री नव्हती, अशा त्या स्त्रिया होत्या. टाका घातलेल्यांपैकी शेकडा १३ व न घातलेल्यांपैकी शेकडा १७ स्त्रिया तेहतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूत झाल्या. म्हणजे सरासरी पंचवीस स्त्रियांमागे एकीस लाभ झाला. परंतु ज्यांची पूर्वीची तीन किंवा अधिक बाळंतपणे अकाली झाली होती, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा १५ विरुद्ध ३२ असे आढळले. शिरोडकरांनी ज्या दुर्दैवी स्त्रियांकडे प्रथम पाहिले, त्यांनाच त्यांच्या उपायाचा सर्वाधिक लाभ होतो, असे ह्यावरून दिसून येते.

त्यांचे संशोधन एवढ्यावर थांबले नाही. लागोपाठच्या बाळंतपणांमुळे ज्या तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येई, त्यांचे गर्भाशय काढून न टाकता ते झोळीप्रमाणे आधार देऊन वर बांधण्याची शस्त्रक्रिया त्यांनी प्रचारात आणली. बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी नवी वाट पाडली. ह्या सर्व अनुभवांचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. दुसरीकडे कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही त्यांनी हिरीरीने भाग घेतला. मूल हवे असणाऱ्या मातेस ते मिळावे आणि शरीर थकलेल्या मातेवर ते लादले जाऊ नये, ह्या दोन गोष्टींत काहींना विसंगती वाटेल. आम्हांस त्यांत स्त्रीविषयीची एकच कळकळ दिसते.

भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण ह्या पदव्यांनी गौरविले. त्याच वर्षी, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचे देहावसान झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि त्यांचा टाका आजही रोज कोठे ना कोठे घातला जात आहे.

आता ज्ञातिबंधुभगिनींस दोन शब्द. आज गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने मोजता येते, आणि त्यासाठी आपल्या भागातील कोणास मुंबईस जावे लागत नाही. सातारा, कराड, सांगली व मिरज येथे ही सोय आहे. तेव्हा ज्या सुनेचा गर्भ मधल्या महिन्यांत पडला असेल, तिला पुढच्या खेपेस आरंभापासूनच तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे व पूर्वीची हकीकत आडपडदा न ठेवता सांगावी. सासूबाईंनी स्वतः बरोबर जावे, हे तर उत्तमच. कौल लावणे कोणास सोडवत नसेल तर त्याने ते खुशाल करावे. पण डॉक्टरांकडे जाण्यास त्यापायी विलंब होऊ नये. आणि इतके करूनही यश आले नाही, तरी त्या मुलीस बोल लावू नये.

एका धाग्याने हजारो घरांतील पाळणे हलते केले, अशा ह्या धन्वंतरीच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.