मुशाफिर छायाचित्रकार रॉबर्ट कापा

मुलांनो, तुमच्या घरात एखादी जुनी ट्रंक असेल. तिच्यात दादाजान किंवा नानाजान यांचे जुने फोटो ठेवलेले असतील. फोटोंच्या पाकिटात कधी कधी काळपट, चकचकीत पट्ट्याही सापडतात. अशी एखादी पट्टी उजेडासमोर धरून पाहा. तिच्यात माणसे दिसतील. पण सारे उलटे! पांढरा सदरा काळा दिसेल आणि काळे केस पांढरे दिसतील. या पट्टीला निगेटिव्ह म्हणतात. आज आपण मोबाइलवर क्षणात फोटो काढतो आणि लगेच पाहतो. पूर्वी फोटो आधी फिल्मवर उतरत असे आणि फिल्मपासून कागदापर्यंत येताना तो अनेकांच्या हातांतून जात असे. त्यांतला एक हात चुकला, तर फोटो कायमचा गेला!

आज तुम्हांला अशा एका छायाचित्रकाराची ओळख करून घ्यायची आहे, ज्यांचे बहुतेक आयुष्य परक्या मुलखांत गेले आणि ज्यांच्याजवळ नेहमी फिल्मचा कॅमेरा असे. त्यांचे नाव रॉबर्ट कापा. मात्र हे त्यांचे जन्माचे नाव नव्हते. ते त्यांना का घ्यावे लागले, हे पुढे येईलच.

युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. बुडापेस्ट ही त्याची राजधानी. या शहरात २२ ऑक्टोबर १९१३ रोजी एका यहुदी कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव एन्ड्रे फ्रीडमन. त्याचे आईवडील कपडे शिवून देण्याचा व्यवसाय करीत. एन्ड्रे खोडकर आणि बोलका होता. त्या काळी हंगेरीत हुकूमशाही वळणाचे सरकार होते. यहुदी मुलांना कॉलेजात सहज प्रवेश मिळत नसे. तरुण एन्ड्रे सरकारविरोधी चळवळीत ओढला गेला. पोलिसांनी त्याला पकडले. सुटका झाली, पण आता देशात राहणे धोक्याचे होते. १९३१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने घर सोडले आणि तो जर्मनीतील बर्लिन शहरात आला.

बर्लिनमध्ये तो शिकू लागला. पुढे घरचा धंदा बसला आणि घरून येणारे पैसे बंद झाले. पोट भरण्यासाठी त्याने फोटो विकणाऱ्या एका संस्थेत काम धरले. तेथे तो काळ्या खोलीत मदतनीस होता. काळी खोली म्हणजे काय, हे तुम्ही विचाराल. फिल्मवर उजेड पडला की ती खराब होते. म्हणून अंधाऱ्या खोलीत ती औषधांच्या पाण्यात बुडवतात, धुतात आणि वाळवतात. मग तिच्यावरून कागदावर फोटो छापतात. एन्ड्रे औषधे कालवी, फोटो वाळत घाली आणि मोठ्या छायाचित्रकारांचे काम मन लावून पाही. हा हुनर त्याने असा नोकरी करता करता उचलला.

त्याच सुमारास एक नवा कॅमेरा लोकांच्या हाती आला होता. त्याचे नाव लायका. जुने कॅमेरे अवजड असत आणि त्यांत काचेच्या पट्ट्या वापरीत. लायका मात्र कोटाच्या खिशात मावे. त्यात सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म बसे आणि एका रिळात छत्तीस फोटो निघत. १९३२ च्या नोव्हेंबरात रशियन क्रांतीचे एक पुढारी ट्रॉट्स्की यांचे कोपनहेगन येथे भाषण होते. संस्थेने एन्ड्रेला तेथे पाठवले. सभागृहात मोठे कॅमेरे नेऊ देत नव्हते. एन्ड्रेचा छोटा लायका मात्र आत गेला. त्याचे ते फोटो वृत्तपत्रात छापून आले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

पण सुखाचे दिवस टिकले नाहीत. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. यहुदी लोकांवर संकट कोसळले. एन्ड्रेला पुन्हा पळावे लागले. या वेळी तो फ्रान्समधील पॅरिस शहरात आला. भाषा परकी, खिसा रिकामा! कधी कधी कॅमेरा गहाण ठेवून तो जेवत असे. येथेच त्याला चांगले मित्र मिळाले. पोलंडहून आलेला डेव्हिड, ज्याला सगळे चिम म्हणत, आणि फ्रान्सचा ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ. येथेच त्याला गेर्डा भेटली. तीही यहुदी होती आणि जर्मनीत तुरुंगवास भोगून आली होती. एन्ड्रेने तिला फोटो काढायला शिकवले. ती हुशार होती; लवकरच ती स्वतः उत्तम छायाचित्रकार झाली.

तेव्हा पॅरिसमध्ये निर्वासित यहुदी तरुणाच्या फोटोंना कोण चांगली किंमत देणार? १९३६ साली दोघांनी एक युक्ती काढली. त्यांनी रॉबर्ट कापा नावाचा एक श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार कल्पनेतून उभा केला. फोटो एन्ड्रे काढी आणि गेर्डा ते कापाचे म्हणून जास्त दराने विकी. ही बतावणी लवकरच उघडकीस आली. पण तोवर फोटोंची कीर्ती झाली होती. एन्ड्रेने ते नाव कायमचे घेतले. गेर्डाही गेर्डा टारो झाली.

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. यादवी म्हणजे एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध. कापा आणि गेर्डा तेथे गेले. दुरून फोटो काढून समाधान मानायचे नाही, लोकांच्या जवळ जायचे, असा कापा यांचा नियम होता. त्यांच्या अनेक फोटोंत बॉम्ब दिसत नाही, विमानही दिसत नाही. बिलबाओ शहरातल्या एका फोटोत एक आई आपल्या लहान मुलीचा हात धरून घाईने निघाली आहे आणि तिची नजर वर आकाशाकडे आहे. ती काय पाहत आहे, हे आपण न सांगताच समजतो.

गोळी लागून कोसळणाऱ्या एका सैनिकाचा त्यांचा फोटो जगभर गाजला. तो खऱ्या लढाईत काढला होता का, यावर मात्र अभ्यासकांमध्ये अजूनही वाद आहे.

१९३७ च्या जुलैत कापा पॅरिसला आले होते. गेर्डा स्पेनमध्येच होती. माघार घेणाऱ्या सैन्याच्या गर्दीत एका रणगाड्याखाली सापडून ती जबर जखमी झाली आणि दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, मरण पावली. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये तिची अंत्ययात्रा निघाली. हजारो लोक आले. तो तिचा सत्ताविसावा वाढदिवस होता. या आघाताने कापा अगदी खचून गेले. काही महिन्यांनी, १९३८ साली, ते चीनला गेले. तेथे जपानच्या आक्रमणात सापडलेल्या लोकांचे फोटो त्यांनी काढले. मग ते पुन्हा स्पेनला परतले.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कापा अमेरिकेला निघाले. स्पेनच्या युद्धाच्या हजारो निगेटिव्ह त्यांनी पॅरिसमध्ये ठेवल्या. त्या सांभाळायला होता त्यांचा बालपणीचा दोस्त इम्रे वाइस. मित्र त्याला चिकी म्हणत. चिकी हा त्यांच्या काळ्या खोलीचा कारभारी होता. जर्मन सैन्य पॅरिसजवळ येऊ लागले, तेव्हा चिकीने निगेटिव्ह पाठीवरच्या पिशवीत भरल्या आणि सायकलवरून दक्षिणेची वाट धरली. वाटेत एका चिली देशाच्या माणसाला त्याने ती ठेव सोपवली. पुढे तिचे काय झाले, हे कोणालाच कळले नाही. त्या निगेटिव्ह कायमच्या गेल्या, असेच सर्वांनी मानले.

अमेरिकेतही कापा परकेच होते. हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, त्यामुळे अमेरिकेच्या दृष्टीने ते शत्रुदेशाचे नागरिक ठरले. ज्या हंगेरीतून त्यांना पळावे लागले, तिच्याच नावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले! तरीही खटपट करून त्यांनी परवाना मिळवला आणि ते युद्धाचे बातमीदार झाले. उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली असा त्यांचा प्रवास झाला. १९४३ च्या ऑक्टोबरात नेपल्स शहर मुक्त झाले. सगळीकडे विजयाचा आनंद होता. कापा मात्र एका शाळेत गेले. जर्मनांशी लढताना मरण पावलेल्या शाळकरी मुलांची तेथे अंत्ययात्रा होती. ती मुले तुमच्यापेक्षा फारशी मोठी नव्हती. कापा यांनी शवपेट्यांभोवती रडणाऱ्या त्यांच्या आयांचे फोटो काढले. विजयाची खरी किंमत त्या चेहऱ्यांवर दिसते.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले. पहाटेपासूनच गोळ्यांचा वर्षाव सुरू होता. कापा सैनिकांबरोबर पाण्यात उतरले आणि फोटो काढू लागले. मग परत जाणाऱ्या एका बोटीने त्यांनी तो किनारा सोडला आणि आपली रिळे लंडनला पाठवली. त्या लढाईचे त्यांचे जेमतेम दहा-अकरा फोटो आज उपलब्ध आहेत. ते हललेले आहेत, अस्पष्ट आहेत. पण त्या सकाळची भीती त्यांत जशीच्या तशी उतरली आहे. बाकीचे फोटो वाळवताना जास्त उष्णता लागून नष्ट झाले, असे अनेक वर्षे सांगितले जाई. अलीकडे काही अभ्यासकांनी या हकिकतीवर शंका घेतली आहे. मुलांनो, थोरांच्या गोष्टीही पडताळून पाहाव्या लागतात, हे लक्षात ठेवा.

१९४६ मध्ये कापा अमेरिकेचे नागरिक झाले. १९४७ मध्ये त्यांनी चिम, कार्तिए-ब्रेसाँ आणि इतर मित्रांसह मॅग्नम ही संस्था स्थापली. तोवर नियतकालिके छायाचित्रकारांना पैसे देत आणि निगेटिव्ह स्वतःकडे ठेवीत. मॅग्नमने ठरवले, की ज्याने फोटो काढला त्याचाच त्याच्यावर हक्क राहील. अशा प्रकारे छायाचित्रकार आपल्या कामाचा मालक झाला. त्याच वर्षी लेखक जॉन स्टाइनबेक यांच्याबरोबर कापा यांनी सोव्हिएत संघाचा प्रवास केला. तेथे त्यांनी शेतकरी आणि कामगार यांचे साधे जीवन टिपले.

कापा यांना युद्धाचा कंटाळा आला होता. १९५४ च्या वसंतात ते जपानमध्ये होते. तेथील मुलांचे फोटो काढण्यात ते रमले होते. इतक्यात एका अमेरिकन साप्ताहिकाने त्यांना इंडोचायनाला जाण्याची विनंती केली. तेथे फ्रेंच सैन्य आणि व्हिएतनामी क्रांतिकारक यांच्यात युद्ध चालू होते. कापा गेले. २५ मे १९५४ रोजी थाय बिन्ह गावाजवळ एका रस्त्यावरून सैनिकांची तुकडी चालली होती. फोटो काढण्यासाठी कापा रस्ता सोडून पुढे गेले आणि त्यांचा पाय सुरुंगावर पडला. त्यांच्याजवळ दोन कॅमेरे होते. एकात काळ्यापांढऱ्या फोटोंची फिल्म होती, दुसऱ्यात रंगीत. वयाच्या चाळिसाव्या वर्षी हा मुशाफिर थांबला. न्यूयॉर्क राज्यातील एका लहानशा कबरस्तानात त्यांचे दफन झाले. दोन वर्षांनी चिमही सुएझच्या युद्धात मारला गेला.

पण गोष्ट येथे संपत नाही. सायकलवरून गेलेल्या त्या निगेटिव्ह तुम्हांला आठवतात ना? कशाबशा त्या मेक्सिकोच्या एका मुत्सद्द्याच्या हाती पडल्या आणि त्याच्याबरोबर मेक्सिकोला पोहोचल्या. तेथे त्या अनेक वर्षे पडून राहिल्या. कापा यांचे धाकटे भाऊ कॉर्नेल यांनी न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रणाची संस्था काढली होती. डिसेंबर २००७ मध्ये पुठ्ठ्याच्या तीन पेट्या या संस्थेत आल्या. आत लहान लहान खण, प्रत्येक खणात फिल्मचे एक रीळ आणि झाकणावर हाताने लिहिलेली यादी! सुमारे ४,५०० निगेटिव्ह होत्या. सत्तर वर्षांनंतरही त्या चांगल्या स्थितीत होत्या. कापा, गेर्डा आणि चिम या तिघांचेही काम त्यांत होते. कोणता फोटो गेर्डाचा आणि कोणता कापाचा, हे आता नीट ओळखता येऊ लागले. तिच्या कामाचे श्रेय तिला मिळाले. कोसळणाऱ्या सैनिकाच्या फोटोची निगेटिव्ह मात्र त्या पेट्यांत नव्हती.

आणि चिकी? तो युद्धात कैद झाला, सुटला आणि शेवटी मेक्सिकोतच येऊन राहिला. तेथे त्याने आपला संसार थाटला. जी ठेव त्याने जिवापाड जपली, ती त्याच शहरात कित्येक वर्षे होती. पण त्याला ते माहीत नव्हते. २००७ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षाच्या शेवटी पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

मुलांनो, फोटोखाली एकाच माणसाचे नाव असते. पण तो फोटो आपल्यापर्यंत येतो, तेव्हा त्यामागे कितीतरी हात असतात. कोणी अंधारात फिल्म धुतो, कोणी ती सायकलवरून नेतो, कोणी यादी लिहितो, तर कोणी जुनी पेटी फेकून न देता जपून ठेवतो. कापा शूर होते, यात शंका नाही. परंतु चिकीसारखी माणसे नसती, तर त्या शौर्याचा पुरावाच उरला नसता.

तेव्हा आज घरी गेल्यावर ती जुनी ट्रंक उघडा. तुम्ही ज्याला तस्वीर म्हणता, त्याला मराठीत तसबीर म्हणतात. त्या तसबिरींत कोण कोण आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा. सांगणारे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.