कै. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया

आपल्या चिकलठाण्याच्या आसमंतांत वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांचा लौकिक एवढा मोठा आहे कीं, त्यांच्यापूर्वीं या भागांत मनुष्यवस्ती होती काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः पैठणजवळ, गोदेच्या कांठीं मुंगी येथें १८६५ सालीं वाईन नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञास मनुष्यानें घडविलेली अकीकाची एक कपची मिळाली होती. परंतु एका कपचीवरून इतिहास लिहितां येत नाहीं. महाराष्ट्राचा हा प्राचीन इतिहास जमिनींतून वर काढण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या डॉ. सांकळियांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म मुंबईस एका गुजराती कुटुंबांत १० डिसेंबर १९०८ रोजीं झाला. संस्कृताचें अध्ययन करून त्यांनीं सेंट झेवियर कॉलेजांत फादर हेरास या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखालीं नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. कायद्याची पदवीही त्यांनीं घेतली. पण वकिलीचा मार्ग मोकळा असतां त्यांनीं तो पत्करला नाहीं. ते लंडनला गेले, गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननांत प्रत्यक्ष खोदकामाचें शिक्षण त्यांनीं घेतलें. वस्तू कोणत्या थरांत मिळाली, याची नोंद नसेल तर ती वस्तू मुकी होते, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

१९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ते प्राध्यापक झाले. महाराष्ट्र म्हणजे पूर्वीं केवळ दंडकारण्य, अशी समजूत त्या काळीं रूढ होती. डॉ. सांकळिया नद्यांच्या पात्रांतून विद्यार्थ्यांसह हिंडूं लागले. नदी आपला कांठ कापीत जाते, तेव्हां जुन्या वाळूगोट्यांचे थर उघडे पडतात. तळचा थर आधींचा व वरचा नंतरचा, हें उघड आहे.

ज्ञानेश्वर महाराजांनीं जेथें ज्ञानेश्वरी सांगितली, त्या नेवाशास प्रवरेच्या कांठीं १९५४ ते १९५६ या काळांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्खनन केलें. तेथें नदीच्या तळच्या थरांत काळ्या कठीण दगडाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी आढळल्या. त्याच्या वरच्या थरांत गार, अकीक इत्यादि गुळगुळीत दगडांच्या कपच्यांचीं लहान हत्यारें निघालीं. चामडें खरवडण्यास व भोंक पाडण्यास तीं उपयोगीं पडत असावींत. हातकुऱ्हाडी आणि अगदीं बारीक पाती यांच्यामधली पायरी तोंवर अस्पष्ट होती. ती नेवाशाच्या पुराव्यानें स्पष्ट झाली. जवळच्याच लाडमोड टेंकाडांत तांबें व दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांचीं घरें व रंगविलेलीं मडकीं निघालीं.

तत्पूर्वीं १९५०–५१ मध्यें नाशिक व संगमनेरजवळील जोर्वे येथें, आणि १९६८ पासून घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें त्यांच्या संस्थेनें काम केलें. इनामगांवीं शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. मरण पावलेलें मूल दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, घराच्याच जमिनीखालीं पुरण्याची तेथें रीत होती. तीन हजार वर्षांपूर्वींच्या आईबापांस आपलें मूल घरापासून दूर करवत नसावें, असें वाटून वाचकाचें मन हेलावल्याशिवाय राहत नाहीं.

१९७४ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण देऊन गौरविलें. २८ जानेवारी १९८९ रोजीं ते निवर्तले. त्यांचे विद्यार्थी पुढें भारतभर हें कार्य करीत राहिले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? गांवोगांवच्या पांढरीच्या टेंकाडांची माती खतासाठीं शेतांत नेली जाते, आणि नद्यांची वाळू उपसली जाते. त्याबरोबर न वाचलेलें एक एक पान नष्ट होतें, व तें पुन्हा लिहितां येत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, असा घडीव दगड दिसल्यास तो खिशांत टाकूं नये. जागा नीट टिपून ठेवावी आणि आपल्या शिक्षकांस सांगावें. सांकळियांच्या थोर कार्याचा आरंभही अशाच लहानशा काळजीपासून झाला होता.