कॉर्नेलिया सोराबजी : पहिल्या महिला वकील

काळा कोट घातलेली स्त्री न्यायालयात दिसली तर आज कोणास नवल वाटत नाही. ही वाट ज्यांनी प्रथम पाडली त्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले; आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुले वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेत. तरी त्या पहिल्या वर्गात बी. ए. झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून नाकारली गेली. गुण कमी पडले नव्हते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी शिकविले. मग फ्लॉरेन्स नाइटिंगेल, विल्यम वेडरबर्न आदी हितचिंतकांच्या मदतीने १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

तेथेही अडथळे होतेच. विशेष ठराव झाला तेव्हा कुठे १८९२ साली मुलांबरोबर बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस बसता आले. वर्ग तिसरा मिळाला. पण ही परीक्षा देणारी त्यापूर्वी एकही स्त्री नव्हती. उत्तीर्ण होऊनही पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नसे.

मायदेशी येऊन त्यांनी १८९७ साली मुंबईची एलएल. बी. व १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. सनद नाहीच! इकडे पडद्यातील हिंदू-मुसलमान विधवांच्या इस्टेटी कारभारी गिळंकृत करीत आणि त्या बायांना परपुरुष वकिलासमोर बोलता येत नसे. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये राहून सोराबजींनी अशा सुमारे सहाशे स्त्रिया व मुलांच्या हक्कांसाठी झीज सोसली. स्वातंत्र्य चळवळीविषयीची त्यांची प्रतिकूल मते आम्हांस पटणारी नाहीत. पण त्यामुळे हे काम लहान ठरत नाही.

अखेर १९२१ साली अलाहाबादने सनद दिली आणि १९२२ साली, तीस वर्षांनी, ऑक्सफर्डची पदवी हाती आली. तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती. पुढे १९२३ च्या कायद्याने देशभरातील स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. कलकत्त्यास त्यांनी बॅरिस्टर म्हणून काम केले. परंतु न्यायाधीशांचा आकस असा की, बहुतांशी लेखी अभिमत देण्यावरच समाधान मानावे लागले. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या व १९५४ साली तेथेच निवर्तल्या.